दाखल्यावरची तुमची सही

गुरुजी, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा लिहिले ते फक्त रजेचे अर्ज, ‘मुख्याध्यापक साहेबांच्या सेवेशी’ असे. आणे गावातल्या घरी ओट्यावर बसलोय. पठारावरचा वारा तुम्हाला माहीतच आहे, कागदाच्या चारी कोपऱ्यांवर खडे ठेवलेत. घरात मी एकटाच असतो. बायको वारली नाही, पण इथं नाही. तिला तिच्या देशात परत पाठवून चार वर्षं होत आली. ती का गेली आणि तिच्या कागदांत तुमचं नाव कसं आलं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. सांगायचं ते मीच, कारण ते माझ्याशिवाय पुरतं कुणाला माहीत नाही. एक तिला आहे, आणि आता एका वकिलांना.

पाचवीत तुम्ही आम्हाला शिकवायला आलात तेव्हा तुमच्या ओठावर पुसट मिशी होती आणि आवाज मात्र म्हाताऱ्या माणसाचा. मराठीच्या तासाला तुम्ही पुस्तक मिटायचात, खिडकीशी उभं राहायचात आणि कविता चालीवर म्हणायचात. मी तेव्हा जो बिघडलो तो बिघडलोच. शेतात मोट हाकताना कविता, गुरांमागे कविता. आई म्हणायची, “ह्या पोराच्या कानात मास्तरनं काय वतलंय कुणास ठाऊक.” पुढं तुम्ही आळे गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झालात आणि मी तिथंच कारकून. मला आठवतो तो जून महिना, दरवर्षीचा. दहावीचे निकाल लागले की दाखल्यांसाठी पालकांची रांग. मी जनरल रजिस्टर उघडून दाखले लिहायचो, साठ-सत्तर झाले की गठ्ठा तुमच्यापुढं ठेवायचो, आणि तुम्ही म्हणायचात, “चल, म्हण एखादी.” मी शेजारी उभा राहून जुन्या पुस्तकातली कविता म्हणायचो. तुम्ही अर्धे डोळे मिटून सह्या करत जायचात. शिपाई दारात उभा राहून हसायचा, “साहेबांचं सह्यांचं कीर्तन चाललंय.”

लग्नाचं माझं राहूनच गेलं होतं. आई अंथरुणावर, नोकरी आळ्याला, घर आण्याला. आई गेली तेव्हा पंचेचाळिशी उलटलेली. त्या सुमाराला आळ्यातल्या एका घरी म्हातारीची सेवा करायला मुंबईहून एक बाई आणली होती. कलकत्त्याकडची आहे म्हणायचे. म्हातारीला उन्हात खुर्चीवर बसवून ती तिच्या केसांना तेल लावत असायची आणि तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणायची. मी रोज एसटीच्या थांब्यावर जाताना ते ऐकायचो. एक दिवस धीर करून विचारलं, हे काय गाणं आहे. ती म्हणाली, “शाळेतली कविता. दुसरीची. पुढं शाळा नाही, म्हणून ही एकच येते.” गुरुजी, माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं. लग्नाचं विचारलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मास्तर, माझं गाव कलकत्त्याला नाही. सीमेच्या पलीकडं आहे. सतरा वर्षांची असताना मावशीबरोबर रात्री चालत आले. माझ्याकडं एक कागद नाही.” मी कारकून आहे, मास्तर नाही, हे तिला कितीदा सांगितलं, पण ती शेवटपर्यंत मास्तरच म्हणाली.

मी ते सगळं घेऊन तुमच्या घरी आलो. तुमच्या घरच्या बाईंनी पिठलं टाकलं होतं, चुलीपुढंच आपण जेवायला बसलो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि भाकरी मोडता मोडता म्हणालात, “माणूस चांगलं आहे ना? मग लग्न कर. पण लपवू नको.” मी म्हटलं, पकडून नेतील. तुम्ही म्हणालात, “अरे, आंबेगाव तालुक्यातलं माझं सबंध गाव धरणात गेलं. शाळा, देऊळ, घराचा उंबरा, सगळं. पुनर्वसनाला गेलो तेव्हा कुणी उंबरा विचारला नाही, कागद विचारला. ज्यानं खरा दाखवला त्याला उशिरा का होईना जमीन मिळाली. ज्यांनी घाईनं खोटे केले ते अजून घोडेगावच्या कचेरीत हेलपाटे घालतायत.” मग ताट बाजूला सारून, हात धुऊन, तुम्ही तिथल्या तिथं कलेक्टरांच्या नावानं अर्जाचा कच्चा मसुदा लिहून दिलात. ही अमुक देशातून विनापरवाना आली, हिनं भारताच्या नागरिकाशी लग्न केलं, पाच वर्षं राहिल्यावर हिला नागरिक करून घ्यावं, तोवर राहू द्यावं. शेवटी म्हणालात, “पुण्याला मी येतो तुझ्याबरोबर. तू नुसता उभा राहा, बोलायचं मी.”

तो मसुदा मी ट्रंकेत ठेवला.

लग्न देवळात झालं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं तिचं नवं नाव मी लिहिलं आणि आमच्याकडच्या सगळ्यांना वाटलं, झालं, आता ही आपली. मलाही तसंच वाटलं. जुनं नाव ताटातल्या तांदळासारखं पुसलं गेलं, आता कोण विचारतंय. तुम्ही दर महिन्याला विचारायचात, “पुण्याला कधी जायचं?” मी म्हणायचो, सुट्टी लागू दे. तुम्ही तिला अंकलिपी आणून दिलीत, पुढं पाचवीचं जुनं पुस्तकही. ती चुलीपाशी बसून बोटानं अक्षरं जुळवायची आणि अडलं की मला विचारायची. मी तेव्हा सुखी होतो. मूल झालं नाही, तरी होतो.

मग मतदार यादीचं आणि फोटोच्या ओळखपत्रांचं आलं. तलाठ्याच्या माणसानं गावात सांगितलं, बाहेरून आलेल्या सुनांनी माहेरचा पुरावा दाखवावा, शाळेचा दाखला असला तर उत्तम. आपल्या भागात दाखल्याला किती मान आहे हे तुम्ही जाणता. जन्म, जात, गाव, सगळं त्या एका कागदात. निम्म्या तालुक्याचा जन्म एक जूनचा, कारण शाळेत घालताना मास्तरनं तसं लिहिलं, आणि तोच खरा ठरला. मला वाटलं, एवढ्या एक जूनमध्ये आणखी एक. जनरल रजिस्टरमध्ये एक नोंद होती: धनगरवाड्यावरची एक मुलगी पाचवीत दाखल झाली, पंधरा दिवस आली आणि मेंढरांबरोबर कुटुंब निघून गेलं ते गेलंच. दाखला कधी कुणी मागितला नाही. वय जुळत होतं. मी त्या मुलीच्या नावाचा दाखला लिहिला. त्या जूनच्या गठ्ठ्यात मधे कुठंतरी, चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या जागी तो घातला. तुम्ही म्हणालात, “चल, म्हण एखादी.” सासरी निघालेल्या लेकीची ती कविता मी निवडली. ती लागली की तुमचे डोळे पुरते मिटतात हे मला माहीत होतं. दाखला तुमच्या हाताखाली आला तेव्हा मी आवाज जरा लांबवला. तुम्ही सही केलीत. वर म्हणालात, “आज चांगली म्हटलीस.”

घरी येऊन तिला म्हटलं, तुझा कागद झाला. ती म्हणाली, “गुरुजी पुण्याला गेले?” मी म्हटलं, तसंच समज. तिनं तो वाचायला घेतला तर मी तिच्या हातातून काढून घेतला.

पुढच्याच वर्षी तुम्ही निवृत्त झालात आणि तीन वर्षांनी गेलात. ती तुमच्या मातीला आली होती, बाईंना धरून बसली होती. मी निवृत्त झालो आणि वर्षभरातच त्या धनगरवाड्यावरची बाई शाळेत उभी राहिली. अंगणवाडीत मदतनीस लागायचं होतं, दाखला हवा होता. नवा कारकून म्हणाला, “बाई, तुमचा दाखला दहा-अकरा वर्षांपूर्वीच नेलाय की.” ती म्हणाली, “आमी कशाला नेतोय? आमी मेंढरं घिऊन कोकणात व्हतो. आवं राव, माझं नाव घिऊन कोण हिंडतंय?” ती काही भांडखोर नव्हती, तिला फक्त काम हवं होतं. पण तिनं अर्ज केला, अर्ज तहसीलला गेला आणि तिथून माग काढत आमच्या दारात आला. ओळखपत्र, रेशनकार्ड, सगळं त्या एका दाखल्यावर उभं होतं.

जुन्नरला जबाबाला बोलावलं. साहेब तरुण होता, नीट बोलणारा. “बसा बाबा. पाणी घ्या.” दाखला पुढं ठेवून म्हणाला, “अक्षर तुमचं?” मी म्हटलं, हो, कारकून होतो, पुढं ठेवतील ते लिहायचो. “सही?” मुख्याध्यापकांची. “ते कुठं असतात?” वारले. “त्यांना माहीत होतं, ही बाई ती नाही?” गुरुजी, त्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या कागदांवर जस्ताचं पट्टीवजा वजन ठेवलं होतं, ते मला अजून दिसतं. माझं पेन्शन चौकशीपर्यंत अडकवलं होतं. फौजदारी होईल असं कुणीतरी बाहेर म्हणालं होतं. मी म्हणालो, “त्यांनीच दिला. ही परस्पर त्यांच्याकडं गेली होती. मला मागाहून कळलं.” एका दमात दोघांना पकडून दिलं मी, मेलेल्याला आणि जितीला. साहेबांनी तो जबाब तिला बोलावून वाचून दाखवला. “बाई, असंच झालं का?” ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “असंच.” आणि सही केली, तुमच्या अंकलिपीतल्या अक्षरात.

एसटी स्टँडवर बसलो तेव्हा मी केळी घेऊन आलो. तिनं घेतली नाहीत. म्हणाली, “गुरुजी तर खरं सांगा म्हणत होते, मास्तर.” मी केळी पिशवीत ठेवली. थोड्या वेळानं म्हणाली, “दोघंही आत गेलो असतो तर घराला कुलूप लागलं असतं. तुम्ही राहा.” नारायणगावची गाडी लागली, ती उठून चढली, मला जागा धरली.

जुन्नरच्या वकिलांकडं मी तुमचा तो मसुदा घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचला. “हे तेव्हाच का नाही दिलं? तेव्हा दिलं असतं तर निदान विचार झाला असता. मधे कायदा बदलला. आता विनापरवाना आलेल्याला अर्जच करता येत नाही, लग्नाची बायको असली तरी. वर हा खोटा दाखला.” तिला देश सोडायचा हुकूम झाला. तिकडं जाऊन पासपोर्ट काढायचा, रीतसर व्हिसा मागायचा, मग यायचं, असा एवढाच रस्ता उरला. मी तिला सीमेपर्यंत पोचवायला गेलो. सबंध प्रवासात ती खिडकीशी होती. फाटकापाशी मला म्हणाली, “पाठ करून फिरा, मास्तर. तुम्ही बघत राहिलात तर मला चालता यायचं नाही.” मी फिरलो. त्याच महिन्यात माझं पेन्शन सुटलं.

शाळेत तुमच्या नावाचं कवितापाठाचं बक्षीस होतं, ते त्या वर्षीपासून बंद झालं. कार्यालयातला तुमचा फोटो उतरवला. मी कमिटीच्या एकालाही काही बोललो नाही. बाईंकडं जायचं मी सोडलं.

तिचा व्हिसाचा अर्ज दोनदा परत आला. फायलीत नोंद आहे की तिनं स्वतः मुख्याध्यापकाला धरून खोटा दाखला मिळवला. वकील म्हणाले, “बाबा, यात काही राहिलंय का सांगायचं?” गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फाईल उघडून माझा जुना जबाब परत वाचला. मग म्हणाले, “हे प्रतिज्ञापत्रावर द्या. बाईला दाखल्यातलं काही माहीत नव्हतं, मुख्याध्यापकांनाही नव्हतं. एवढं फायलीला लागलं तर तिसऱ्या अर्जाला काहीतरी आधार होईल. खात्री देत नाही. तुमच्यावर केस होईल, पेन्शनही जाऊ शकतं. आधी आपल्या शब्दांत लिहून आणा, मी टाइप करून घेतो.” म्हणून मी आज कागद घेऊन बसलो. वरती ‘मी खाली सही करणार’ असं लिहायचं होतं, आणि लिहिलं ‘गुरुजी’. त्यांना हवं ते सगळं यात आलंय. पण हे त्यांच्याकडं न्यायचं पत्र नाही, आणि तुमच्याकडं पोचायचंही नाही. ट्रंकेतच ठेवीन.

दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. तिचा भाचा लावून देतो. तिकडं कोंबड्या ओरडत असतात, ती इथल्या बाजरीचं विचारते, ओट्यावरचा पत्रा नीट केला का विचारते. शेवटी म्हणते, “मास्तर, वकील काय म्हणाले?” मी सांगतो, वेळ लागेल म्हणाले, त्यांच्या हातात नाही. ती म्हणते, “बरं, घाई करू नका त्यांना.” गुरुजी, वकील असं कधीच म्हणालेले नाहीत. ते गेले तीन महिने माझी वाट बघतायत.