बांधावरचा आंबा आणि धनाजीचे नाव

मी, फुलाबाई चिमाजी खुटवड, वय ७१, राहणार भाटघर, ता. भोर, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे.

१. घर आणि धरणाकडचे वावर पुतण्या सोमनाथ याला. मला मूलबाळ नाही. त्याने कधी तसे वाटू दिले नाही.

२. शिलाई मशीन नणंद बाळाबाई हिला. माझी हिरवी साडी तिने नेली त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. साडीही आता तिचीच. मी विसरले नव्हते, एवढे तिला कळावे.

३. माझ्या बांधावरचा आंबा. २०१९ साली त्याची फांदी तोडायला मी कोयता घेऊन गेले. झाड दोघांचे आहे म्हणत शेजारी धनाजी शिवतरे आडवा आला. त्याने मनगट धरून कोयता हिसकावला, मला ढकलले, माझ्या हाताचे हाड मोडले. रागाच्या भरात मी पोलिसांना एवढेच सांगितले, की त्याने हात धरून ओढले आणि ढकलले. कोयत्याचे बोलले नाही. साक्षीतही तेच. भोरच्या कोर्टात तो मारहाण आणि विनयभंग, दोन्हींत दोषी ठरला.

अपिलापुरता त्याला जामीन मिळाला. पण लैंगिक गुन्हेगारांच्या पोलिसी यादीत नाव चढले आणि शाळेच्या मुलांची जीप हातातून गेली. त्याची बायको रतनबाई माझ्या दारात आली. भांडली नाही. म्हणाली, "काकू, मारल्याची सजा हुंद्या. पण आमची शेफाली तोंड लपवून बसलीया, शाळंत जाईना."

मी आपण होऊन पुण्याच्या सेशन कोर्टात प्रतिज्ञापत्र दिले. सरकारी वकील म्हणाले, कलम लागले की नाव यादीत जाणारच. न्यायाधीशबाईंनी मला विचारले, हात कशासाठी धरला?

"कोयता काढून घ्यायला. मारलं ते खरं. पर तसली नजर न्हवती. म्या सांगायचं टाळलं."

निकालात आले, की नुसता हात लागला म्हणून विनयभंग होत नाही, हेतू पाहावा लागतो. मारहाणीचा दोष कायम राहिला, चांगल्या वागणुकीच्या हमीवर तो सुटला. विनयभंगाचा दोष गेला आणि यादीतली नोंद काढायचा हुकूम झाला. बाईंनी मलाही सुनावले, बरोबरच होते. येताना कापूरहोळला धनाजी, रतनबाई आणि मी, तिघांनी गरम भजी खाल्ली. रतनबाई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

आंबा मी धनाजीला लिहिणार होते, आणि या कागदावर साक्षीदारही त्यालाच करणार होते. मृत्युपत्र करणारे वकील म्हणाले, ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. धनाजी म्हणाला, "आंबा ऱ्हाऊ द्या काकू. तुमच्या कागदावर माझं नाव येऊ द्या."

सबब आंबा शेफालीला. पोरी, खरोखर कुणी वाकडा हात लावला तर गप्प बसू नकोस. सगळे सांग, आणि पहिल्याच दिवशी सांग.

४. तेराव्याला जिलेबी करावी. रडायचे असेल त्याने आधी खाऊन घ्यावे.

वाचून, समजून सही केली.
फुलाबाई चिमाजी खुटवड
भोर, १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. अंजना गायकवाड, अंगणवाडी सेविका, भाटघर
२. धनाजी शिवतरे, शाळेच्या जीपचा ड्रायव्हर, भाटघर