गोळीच्या खोक्यातला कागद

ती. ताईस,

नमस्कार. दाजींनाही, त्यांचा माझ्यावरचा राग गेला असेल तर.

मी बरा आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. आता औषध कंपनीत मला छपाईतून काढून गोळ्या बनवायच्या विभागात घेतलंय. बाबांची होती तसलीच बीपीची गोळी. आत मोहरीहून बारीक शेकडो दाणे असतात. प्रत्येक दाण्यावर लेप असतो, म्हणून औषध दिवसभर थोडं थोडं सुटतं. गोळी दाबताना तो लेप तडकू नये, यासाठीच आमची सगळी मरमर.

काल लेप तडकलेली एक गोळी तपासणी यंत्राच्या पाण्यात टाकून पाहिली. दिवसभराचं औषध अर्ध्या तासात बाहेर आलं.

बाबांना गिळवत नव्हतं, तेव्हा "खलात कुटून मधातून दे," असं आईला फोनवर मीच सांगितलं होतं. गोळी घेतली की तासाभरात ते गळून जायचे, आठवतं? शेवटच्या दिवशीही गोळीनंतरच पडले.

परवा आईने विचारलं, "माझ्या हातून काही चुकलं नाही ना रे?" मी म्हणालो, "छे, काहीतरीच काय!" तूही हेच सांग.

बाबांच्या औषधांचा डबा तिने जपून ठेवलाय ना? त्यातल्या खोक्यात बारीक अक्षरांचा कागद असेल. गोळी कुटू नये, असं त्यात लिहिलेलं असतं. छपाईत असताना मी असे कागद रोज तपासायचो, पण शाई पुसट नाही ना, एवढंच बघायचो.

पुढच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तिला नीट दिसायला लागायच्या आत तो कागद काढून घे.

फाडू मात्र नकोस. मला पाठव.

तुझा,
धाकटा