बाहेर जाणारा चेंडू सोडावा कसा

माझ्या थोरल्या लेकास,

आईचा पोटभर आशीर्वाद, आणि हे पत्र लिहून घेणाऱ्या तुझ्या लेकीकडून नाइलाजाचा नमस्कार. (‘नाइलाजाचा’ हा शब्द तिने आधी गाळला होता. मला वाचता येत नाही म्हणून काय झालं? मी एवढं बोलले आणि तिचा हात एवढासाच हलला, हे दिसतं मला. परत लिहायला लावला.) तुझा गुडघा काय म्हणतो? सूनबाईचा खोकला गेला का? माझं विचारशील तर डोळे, कान आणि दात रोज सकाळी उठून आज कामावर यायचं की नाही ते ठरवतात. जीभ तेवढी कधी रजा घेत नाही, असं तुझी लेक म्हणते. लिही गं, तेही लिही.

तर कळवायचं ते असं, की आपण हरलो. कशात, ते तुला ठाऊक आहेच. शाळेत शिकवणारे दोघंच, त्यातल्या हेडमास्तरांना फळ्यापासून खुर्चीपर्यंत जाताना धाप लागते, म्हणून मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ तुझ्या लेकीच्या गळ्यात पडला. तू शिकलास तेव्हा शाळेमागे मैदान नव्हतं, नुसता उतार होता. आता मैदान आहे. म्हणजे उतारच आहे, पण त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. रेघेबाहेर गेलेला चेंडू थांबत नाही, गडगडत थेट खालच्या ओढ्यात जातो. चेंडू एकच. मग ज्या मुलीच्या हातून तो सुटला तिनेच खाली जाऊन आणायचा, हा पोरींचा आपापसातला कायदा. उतरणं सोपं, पण चढून येईपर्यंत तोंडाला फेस येतो, आणि तोवर बाकीच्या मुली गवतावर बसून एकमेकींच्या वेण्या घालतात. (तुझी लेकही घालून घेते. नाही म्हणते आहे. घालून घेते.)

याचा परिणाम असा झाला की आमच्या पोरी चेंडू म्हणून खाली पडू देत नाहीत. दूध उतू जाताना बाई कशी धावते, तशा धावतात. रेघेच्या आत, रेघेच्या बाहेर, झुडपात, कुठेही. हेडमास्तर बघायला आले आणि म्हणाले, या पोरींना हरवणार कोण? मीही तेच म्हटलं. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण मी आत्मविश्वासाने म्हटलं.

सामन्याला मीही गेले होते. (बोलावलं नव्हतं. दुधाच्या गाडीत जागा होती.) मोठ्या शाळेचं मैदान म्हणजे पोळपाटासारखं सपाट. समोरच्या मुली उंच आणि दणकट, चेंडू असा बडवायच्या की निम्मे बाहेरच जायचे. आता हा बाहेर जाणारा चेंडू सोडून दिला, की गुण आपला. हात बांधून उभं राहायचं, बस्स. पण हात लावला आणि मग तो पडला, तर गुण त्यांचा. आमच्या पोरींनी एकही सोडला नाही! एक तर बाकावरून उडी मारून त्यांच्याच बाईंच्या मांडीवर जाऊन बसली. तुझी लेक रेघेवर उभी राहून ‘सोडा! सोडा गं!’ असं ओरडत होती, आणि पोरी तिच्याकडे बघत होत्या, बाईंना वेड लागलं की काय! शेवटी आमची गोगलगाय (नाव दुसरं आहे, पण चाल ती) खेळ थांबवून म्हणाली, “बाई, सोडला तर आणायला जाणार कोण?”

सगळं मैदान हसलं. मीही हसले.

(इथे लिहिणारी थांबली होती. पाणी पिऊन आली. लिहिते आहे.)

घरी आल्यावर तुझी लेक म्हणाली, आजी, पोरींना हरायला मीच शिकवलं. आणि दुसऱ्याच दिवशी तिने तुला होकार कळवला, की तुझ्या मित्राच्या ऑफिसातली नोकरी धरते, रविवारच्या गाडीने येते. मी तिला अडवत नाही. ऑफिसात पंखा असतो, चाकांची खुर्ची असते, आणि कुठला कागद खाली पडला तर तो ओढ्यात जात नाही. चांगलंच आहे. तिची खोली झाडून ठेव. माझी काळजी करू नकोस, शेजारीण दिवसातून चारदा डोकावते, त्यातलं एकदा तरी साखर मागायला नसतं.

तुझी आई
(खाली अंगठा आहे. शाई जरा जास्त झाली.)

ता. क. – तिला खिडकीजवळचा पलंग लागतो.

आणखी एक ता. क. – हे पोस्टमनच्या हातचं आहे. तुझी लेक शाळेच्या किल्ल्या द्यायला गेली, तेवढ्यात त्याला ओसरीवर बसवलंय. आता खरं ऐक. हरल्यापासून कालपर्यंत ती मैदानावर गेली नव्हती, पण पोरी रोज येतात, आपल्या ओसरीवरून सगळं दिसतं. आणि करतात काय? एक मुद्दाम चेंडू बाहेर मारते, बाकीच्या हात पाठीमागे धरून उभ्या राहतात, आणि तो ओढ्यात जाईपर्यंत नुसत्या बघतात. चेहरे असे, की कोणी दागिना विहिरीत टाकला! मग सगळ्याच मिळून आणायला जातात. सोडायची सवय करताहेत रे. काल तुझी लेक आत ट्रंक भरत होती. एकीने रेघेच्या आतला चेंडू सोडला, आणि ही अर्धी घडी घातलेली चादर घेऊन धावत बाहेर गेली. “अगं, हा आपला होता! खांद्याच्या वर आला तर सोड, खाली आला तर घे!” दिवेलागणीपर्यंत परत आली नाही. आली ती घसा बसवून, आणि चादर मातीत. मग आठवलं की आपण जाणार आहोत, आणि चादर तशीच मातीसकट ट्रंकेत कोंबली.

तुझ्याकडे यायचं तर तिने हसत यावं, हरून नको. पुढच्या वर्षी तिला स्वतःहून यावंसं वाटलं, तर ट्रंक मी भरून देईन. पण या रविवारच्या आत तिला कळव, की खोली भाड्याने दिली आहे. खोटं बोलायला जमत नसेल, तर खरंच दे. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. (पोस्टमन विचारतो, अजिबात नाही? त्याला म्हटलं, तू लिहायचं काम कर.)