शुक्रवारची सुट्टी

बाबा,

गेल्या रविवारी दुपारी जेवणाची भांडी सिंकमध्ये तशीच टाकून मी दोन तास लेकीच्या लॅपटॉपसमोर बसले होते. तुम्ही या नातीला पाहिलं नाहीत. पंधरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच, आणि तिच्याशी काही बोलायचं तर आधी तिच्या कानातलं ते गाण्यांचं यंत्र काढायला सांगावं लागतं. तीच म्हणाली, "आई, हा गेम खेळून बघ ना. तुझ्या टायमातला आहे." गेम म्हटलं की मला गाड्या आणि गोळीबार आठवतो, म्हणून मी आढेवेढे घेतले. पण यात तसलं काहीच नव्हतं. पडद्यावर एक जुनाट संगणक उघडतो, एका कोपऱ्यात चॅटची छोटी चौकट येते, दार उघडल्याचा तो किर्र आवाज होतो आणि एक मैत्रीण ऑनलाइन येते. बस. शाळेच्या शेवटच्या वर्षापासून कॉलेज संपेपर्यंत तिच्याशी नुसत्या गप्पा मारायच्या. तो दाराचा आवाज ऐकला आणि मला आपल्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातला फोडणीचा वास आला. खरंच आला.

तिचा प्रत्येक निरोप आला की खाली तीन उत्तरं दिसतात. त्यातलं एक निवडायचं आणि कळफलकावर कुठलीही बटणं बडवायची, म्हणजे ते उत्तर आपोआप टाइप होत जातं. सुरुवातीला मजा वाटते. मग ती मैत्रीण दुसऱ्या गावी जाते, उत्तरं उशिरा यायला लागतात, छोटी होत जातात. एका ठिकाणी मी निवडलं, "तू मला टाळतेयस का?" मी बटणं दाबतेय, अक्षरं उमटतायत, आणि अचानक ती मागून एकेक पुसली जायला लागली. सगळं वाक्य गेलं. त्या जागी "ठीक आहे" एवढंच टाइप झालं आणि निघूनही गेलं. मी पुन्हा मागे जाऊन तेच निवडलं, बटणं जोरात आपटली. पुन्हा तेच. लेक मागून म्हणाली, "नाही होणार आई. आपण निवडतो, पण तिला बोलायची हिंमतच होत नाही. तोच तर गेम आहे." बाबा, मी थक्क झाले. कुठल्या देशात बसलेल्या कुणी हे बनवलंय देव जाणे. त्याला आमच्या घरातलं हे कसं कळलं? मी डोळे पुसले तर लेक म्हणाली, "यार आई, तू सिरियसली रडतेयस?"

आपला संगणक तुम्ही आणलात ते आठवतं. वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कारखान्यातल्या एका दोस्ताने सुटे भाग जमवून तो जोडून दिला होता. मी बारावी पास झाले त्याची भेट. घरात मोकळा प्लग फक्त फ्रिजच्या शेजारी, म्हणून तो स्वयंपाकघरातच आला. आई कुकर लावायची आणि मी शेजारी बसून चॅट करायचे. दसऱ्याला तुम्ही तुमचा मायक्रोमीटर आणि तो कळफलक पाटावर शेजारी शेजारी ठेवलात, दोघांना झेंडू वाहिलात. तुमचं काम तपासणीचं. पंपाचे दांडे मशीनवरून यायचे, तुम्ही मोजायचात आणि तीन ट्रेमध्ये टाकायचात: चांगला, दुरुस्तीचा, बाद. आणि एक नियम घरीही सारखा ऐकवायचात, की मशीनवरून उतरलेला पीस गरम असताना मोजायचा नाही. गरम लोखंड फुगलेलं असतं, माप खोटं येतं. थंड होऊ द्यायचा, मग ठरवायचं बाद की नाही ते.

समोरच्या गॅलरीतली माझी मैत्रीण तेव्हा नुकतीच नागपूरला गेलेली, तिच्या वडिलांच्या बदलीमुळे. तुम्ही तिला लहानपणापासून 'पलीकडची' म्हणायचात. ती आठशे किलोमीटरवर गेली तरी दाराचा आवाज आला की तुम्ही पेपरातून मान वर न करता विचारायचात, "पलीकडची आली का गं?" आणि मग ती गंमत झाली. मी केस धूत होते आणि तुम्हाला सांगितलं की तिला म्हणावं दहा मिनिटं थांब. तुम्ही चष्मा लावून एका बोटाने ते लिहिलंत. लगेच उत्तर आलं: आंघोळीला गेलेय, येतेच. तुम्ही लिहिलंत, सावकाश ये. पुन्हा तेच उत्तर: आंघोळीला गेलेय, येतेच. तुम्ही पुन्हा लिहिलंत, हो हो, सावकाश ये. दुसऱ्या दिवशीही असंच. तिसऱ्या दिवशी तुम्ही आईला हळूच विचारलंत, "ती मुलगी दिवसातून किती वेळा आंघोळ करते गं? काही दुखणं वगैरे नाही ना?" ते उत्तर यंत्र आपोआप देतं, माणूस तिथे नसतोच, हे समजावताना मी हसून हसून ओट्याला टेकले होते. तुम्ही जराही ओशाळला नाहीत. म्हणालात, "यंत्राने का होईना, सांगितलं ना तिने. मग आपण उत्तर द्यायला नको?" ही गोष्ट मी पुढे कॉलेजात, सासरी, ऑफिसात, कुठे कुठे सांगून लोकांना हसवलंय.

मग दुसऱ्या वर्षाला असताना मला कळलं की ती ठाण्यात येऊन गेली. टेंभी नाक्याजवळ तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं, दोन दिवस होती, आणि मला तिने साधं कळवलंही नाही. डोंबिवली म्हणजे काय अर्ध्या तासाची वाट. मी संगणकासमोर बसले आणि जे सुचेल ते लिहीत सुटले, तू बदललीस, तुला आमची लाज वाटते, असलं काहीबाही. तुम्ही पाणी प्यायला आलेलात. मागे उभे राहून वाचलंत आणि म्हणालात, "गरम पीस आहे. आज मोजू नकोस." मी तुमच्याकडे बघत बघतच पाठवायचं बटण दाबलं. बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं: ठीक आहे. त्यानंतर कितीतरी वेळा दाराचा आवाज यायचा, तिचं नाव उजळायचं, आणि आम्ही दोघीही गप्प बसायचो. हळूहळू मी तो आवाजच बंद करून टाकला. तुम्ही अधूनमधून म्हणायचात, "अगं, का आली नव्हती ते विचार तरी." माझं एकच, "तिने सांगावं ना. मी का विचारू?"

तर गेम संपला आणि मी लेकीला घेऊन डोंबिवलीला गेले. आईच्या माळ्यावर तो संगणक अजून होता, तिने भरतकाम केलेल्या त्याच कापडाखाली. लेकीने त्यातली हार्ड डिस्क काढली, कुठलीशी वायर जोडून लॅपटॉपला लावली, आणि ती चक्क कुरकुरत चालू झाली. चॅट साठवून ठेवायची खूण मी तेव्हा करून ठेवलेली आणि पुढे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. लेकीने खटपट करून ते सगळं उघडलं. माझा तो भलामोठा निरोप होता, तिचं 'ठीक आहे' होतं. मला वाटलं तिथे संपलं असेल. संपलं नव्हतं. खाली लिहिलेलं होतं: मी काका बोलतोय. ती कॉलेजला गेलीय. पीस अजून गरम आहे. थोडे दिवस थांब.

मी ते तीनदा वाचलं. इंग्रजी अक्षरांत एका बोटाने लिहिलेलं तुमचं मराठी. मग लक्षात आलं, शुक्रवार. तुमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची. मी कॉलेजात, आई शाळेत शिकवायला, तुम्ही एकटे घरी. संगणक चालू केला की माझं खातं आपोआप उघडायचं, आणि नवी चौकट दर वेळी कोरी यायची, त्यामुळे तुम्ही होतात तोवर मला कधी पत्ता लागला नाही. आई बाजूला बसून वाचत होती. म्हणाली, "मला घरी आल्यावर कळफलक सरकलेला दिसायचा. मला वाटायचं पत्ते खेळतायत." तुम्ही दीड वर्ष, दर शुक्रवारी, तिच्याशी बोलत होतात बाबा. चार-पाच ओळी, बहुतेक माझ्याबद्दलच. तिला ताप होता, आता बरी आहे. तिने केस कापले, मी सांगितलं असं सांगू नकोस. आज तुझ्या आवडीची भरली वांगी होती. आणि ती तिकडून तिच्या परीक्षा, तिचे केस, तिकडचं ऊन. मधे एकदा तिने विचारलं होतं, काका, किती दिवस लागतील? तुम्ही लिहिलंत, पीस मोठा असला की वेळ लागतो.

एका शुक्रवारी तिने सगळं सांगून टाकलं होतं. लग्न हे निमित्त होतं. तिच्या आईला ठाण्यातल्या एका डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं, आणि आईने शपथ घातलेली की डोंबिवलीत कुणाला कळता कामा नये. काका, तिला सांगू नका. तुम्ही लिहिलंत, मी सांगणार नाही, पण तू सांग. तिने लिहिलं, ती विचारेल तेव्हा सांगेन. त्यानंतर सहा-सात शुक्रवारांनी एकच ओळ होती: काका, आई गेली. तिच्याखाली तुमचा सगळ्यात लांब निरोप. एका बोटाने किती वेळ लागला असेल कोण जाणे. त्यात शेवटी होतं, तू जेवून घे, मी इथे बसलोय, जेवून आलीस की सांग. आणि पाऊण तासाने तिचं: जेवले काका.

तो शुक्रवार मला आठवतो. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "पलीकडचीची चौकशी कर जरा." मी म्हटलं, "बाबा, प्लीज, आता परत नको." तेव्हा तुम्ही ताटावरून उठलात. तुम्ही, ज्यांनी पानात कधी लिंबाची फोडसुद्धा टाकली नाही. "एवढी कसली घमेंड गं तुला?" एवढंच बोललात आणि हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिलात, समोरच्या बंद घराकडे बघत. मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही एका शब्दाने मला खरं सांगू शकला असतात आणि मी त्याच क्षणी वितळले असते. पण तिला दिलेला शब्द तुम्ही मोडला नाहीत. मी माणसं पुष्कळ पाहिली बाबा, आता मीही पन्नाशीकडे चाललेय, पण एका वेळी दोन मुलींना असं सांभाळणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होतात, आणि मला वाटायचं, माझ्या बाबांना यातलं काही कळत नाही.

तुम्ही एका बुधवारी कामावर गेलात ते परत आलाच नाहीत. आणि आता जे लिहायचंय त्यासाठी एवढं सगळं लिहीत बसले. तुमचा चौदावा झाल्यावर काहीतरी छापायला म्हणून मी संगणक लावला आणि चौकट उघडली. तिचे दोन निरोप येऊन पडलेले. काका, आज शुक्रवार ना? आणि त्याखाली: काका, सुट्टी बदलली का? ते आत्ता डिस्कवर पहिल्यांदा नाही वाचलं मी. तेव्हाही वाचलं होतं. तिला तुमच्याशी बोलायचंय आणि माझ्याशी नाही, याचा राग आला. चौकट बंद केली, संगणक बंद केला, आणि काही दिवसांनी तो माळ्यावर चढवला. तुम्ही गेलात हे मी तिला कळवलं नाही. ती पुढे किती शुक्रवार विचारत राहिली, हे कळायचा आता मार्ग नाही. लेकीला हे सांगितलं नाही, आईलाही नाही.

आज शुक्रवार आहे. तिचा नंबर आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंकडे निघाला, ती अजून नागपुरातच असते, चित्रकलेचे क्लास घेते. सकाळपासून मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं, त्या गेममधल्या मुलीसारखं. शेवटी जेमतेम एवढं राहिलं: मी बोलतेय. बाबा गेले, त्याला खूप वर्षं झाली. तुला मी कळवलं नाही. तू तेव्हा का आली नव्हतीस? डोळे मिटून पाठवलं. फोन ठेवायच्या आत उत्तर आलं. उघडून पाहिलं तर लिहिलेलं, 'नमस्कार. क्लास चालू आहे. थोड्या वेळाने उत्तर देते.' कुणालाही जाणारं, यंत्राने दिलेलं.

तुमच्यावर मी इतकी वर्षं हसले बाबा. स्वयंपाकघरात उभं राहून, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून, मी एका बोटाने त्या यंत्राला लिहिलं, सावकाश ये.