दोन थरांचा केक

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे सर्जेरावचा, वाकवेल तेवढी कंबर वाकवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? फर्दापूरच्या त्या वैद्याचं तेल लागू पडलं का, की नुसता वासच घरभर फिरतोय? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक रविवारपासून घरात माझी काही धडगत नाही. सौ. सत्यभामा भिंतीकडे बघून बोलते आणि सूनबाई तर कामापुरतंच बोलते. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो की ते आधी साऱ्या गल्लीला कळतं. म्हणून हे पत्र.

रविवारी सूनबाईचं, रूपालीचं, डोहाळजेवण झालं. तू गुडघ्यांमुळे आली नाहीस, हे एका परीनं बरंच झालं, कारण तू असतीस तर पेढा आणि बर्फीच्या झाकलेल्या वाट्या मांडल्याच असत्यास. (पेढा उचलला की मुलगा, बर्फी उचलली की मुलगी, हे तू आमच्या सुयशच्या वेळीही मांडलं होतंस आणि बर्फी निघाली होती, ते असो.) रूपालीनं मात्र या वाट्यांना महिनाभर आधीच बंदी घातली होती. तुला माहीत आहेच, ती आरोग्य खात्यात सोनोग्राफी सेंटरांची रजिस्टरं तपासणाऱ्या पथकात आहे. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे गुपचूप सांगणाऱ्यांची मशीनं ती स्वतःच्या हातानं सील करून आली आहे. "मामा, माझ्याच घरात हा अंदाजाचा खेळ नको," एवढंच ती म्हणाली. मला पटलं. मग वाट्यांऐवजी काय, तर केक. आणि केक मीच करणार, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो.

आता तू म्हणशील, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे गिरवलेल्या ट्रेसरनं केक कशाला करावा. पण विकतच्या केकात अंडं असतं की नसतं याची सत्यभामेला खात्री वाटेना (माळ घातल्यापासून ती बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरसुद्धा मला वाचायला लावते), आणि बाजारचा रंग गरोदर बाईच्या पोटात जावा हे मला पटेना. मी फोनवर चार व्हिडिओ बघितले, चारांनी चार मापं सांगितली, तेव्हा मी रीतसर कागदावर केकचा उभा छेद काढला. बाहेरून पांढरं क्रीम, वर हिरव्या साडीला शोभेल अशी हिरवी पानं, मधोमध पाळणा. आणि आत कुंपणावरच्या गोकर्णीच्या फुलांचं निळं पाणी, कारण नुसता मैदा फार पिवळट दिसत होता.

कुकरची शिट्टी काढली, तळाला मीठ पसरलं, वर भांडं ठेवलं. पहिला केक जेमतेम दोन बोटं फुगला. इतका बुटका केक पाळण्याखाली ठेवायचा म्हणजे बंगल्याला जोतंच नाही. म्हणून त्याच फुलांच्या पाण्यात दुसरा कालवला. दही संपलं होतं, त्याऐवजी लिंबू पिळलं, आणि अक्का, ते निळं पाणी माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झालं! मी दोन पावलं मागे सरकलो. मग वाटलं, बरंय, खाली निळा, वर गुलाबी, नकाशातसुद्धा दोन थर दोन रंगांत दाखवतात. क्रीम दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरलं, कोपरा कापला आणि पाळणा काढायला घेतला. उन्हानं क्रीम ढिलं पडलं आणि पाळण्याची बैलगाडी झाली. तिला मी पानांनी झाकलं. एकूण बाहेरून चांगलं दिसत होतं.

दुपारी चाळीसेक बायका जमल्या. रूपालीच्या ऑफिसच्या मंजुषा मॅडमही आल्या होत्या, म्हणजे त्या पथकाच्या प्रमुख. ओटी भरली, फुलांचे दागिने घातले, गाणी झाली. रूपालीनं सुरी धरली, केक कापला, पहिला तुकडा उचलला. शेजारच्या दीपमालावहिनी (त्यांचा आवाज तुला फर्दापूरलासुद्धा ऐकू यावा) ओरडल्या, "अगं बया, निळं निघालं! पोरगं हाय!" तेवढ्यात कुणीतरी वरचा थर बघितला. "नाय, नाय, गुलाबी बी हाय! जुळं हाय, एक-एक!" आणि टाळ्या सुरू झाल्या. मला काहीच कळेना. निळा म्हणजे मुलगा आणि गुलाबी म्हणजे मुलगी, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं? आपल्या वेळी बाळाला कुणाच्या तरी जुन्या लुगड्याचं दुपटं मिळायचं, रंग कोण बघत होतं?

टाळ्या वाजवत नव्हत्या त्या दोघीच. मंजुषा मॅडम हातातली बशी खाली ठेवून रूपालीकडे बघत होत्या, आणि रूपाली हातातल्या तुकड्याकडे. मॅडम हळूच म्हणाल्या, "रूपाली, हे काय आहे?" त्या एका प्रश्नात काय काय होतं ते मला तेव्हा समजलं. दुसऱ्यांची मशीनं सील करणारी पोरगी, आणि तिच्याच घरचा केक चाळीस बायकांसमोर मुलगा-मुलगी जाहीर करतोय!

रूपाली उठली, आतून स्वतःची फाइल घेऊन आली आणि मॅडमसमोर उघडून म्हणाली, "बघून घ्या मॅडम. जुळं आहे, खरं आहे. पण काय आहे ते आम्हाला माहीत नाही, कुणाला विचारलेलं नाही." मॅडमनी वाचलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि केकचा मोठा तुकडा घेतला. नोकरीवरचं बालंट टळलं. पण अक्का, जुळं! खरोखरच जुळं! सत्यभामा मटकन खाली बसली. "जुळं हाय व्हय? आन् मला कुणी सांगितलं नाय?" एवढंच ती तीनदा म्हणाली. दोन वर्षांपूर्वी रूपालीचं मूल पोटातच गेलं होतं, तू तेव्हा आठ दिवस इथं होतीस. म्हणून या वेळी आठवा लागेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं तिनं आणि सुयशनं ठरवलं होतं. ते गुपित माझ्या केकनं फोडलं.

बायका गेल्यावर रूपालीनं मला एकच विचारलं, "मामा, दोन आहेत हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, मला काही ठाऊक नव्हतं, थर बुटका झाला म्हणून दुसरा केला. तिनं मान हलवली आणि आत गेली. तेव्हापासून "जेवायला वाढलंय" आणि "गोळी घेतली का", याखेरीज शब्द नाही. मी तिच्या फाइलला हातसुद्धा लावलेला नाही, अक्का. देवाशपथ. पुढच्या बुधवारी ती बाळंतपणाला माहेरी, जालन्याला जाणार. मनात अढी घेऊन गेली तर मला इथं घास उतरणार नाही. ही पोर घरात आल्यापासून मी पहिल्यांदा कुणालातरी सकाळचा पेपर वाचून दाखवायला लागलो, ते तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना जप. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आता तूच एक उरली आहेस, तो वर लिहिला आहेच.

तुझा
सर्जेराव

ता. क. – एक काम होतं. घरात तुझी स्वप्नं खरी होतात असं सगळे मानतात. तू रूपालीला फोन करून सांग की तुला स्वप्नात दोन बाळं दिसली आणि तूच मला दोन थर करायला सांगितलेस. तुला ऐकू येत नाही ते इथं उपयोगी पडेल, कारण तिला उलट प्रश्न विचारता येणार नाहीत.

दुसरा ता. क. – वर देवाशपथ लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं. भांड्याला लावायला बटर पेपर शोधत होतो. तो तिच्या कपाटात असेल म्हणून उघडलं, तर फाइल खाली पडून उघडी झाली. "दोन" एवढंच वाचलं आणि तिथंच खुर्चीवर बसून रडलो. पहिला केक चांगला चार बोटं फुगला होता. पण दोघं येणार आणि थर एकच, हे मला बघवेना. रंगांचं मात्र खरंच ठाऊक नव्हतं, ते लिंबानंच केलं. पत्र वाचून फाडून टाक.

तिसरा ता. क. – आत्या, नमस्कार. मी रूपाली. पत्र टेबलावर उघडं होतं म्हणून वाचलं, जशी फाइल उघडी होती. फाइलमधल्या त्या पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा गोकर्णीचा निळा ठसा आहे, नकाशावर शिक्का मारावा तसा सरळ. मॅडमना फाइल दाखवताना मी त्यावर हात ठेवून तो झाकला होता. वाचलं याचा राग नाही. माझ्या तोंडावर नाही म्हणाले, याचा आहे. बुधवारपर्यंत मामा स्वतः सांगतात का बघते, तोवर तुम्ही फोन करू नका. नाहीच बोलले, तर मग खुशाल स्वप्न बघा. पण बघाल ते दोनच बघा, तिसरं नको.