सातव्या गुणाकारानंतर

तुला जाऊन इतका काळ लोटला आहे की आपल्या अमरावतीच्या घरात तुला वावरताना पाहिलेले आता माझ्यावाचून कोणी उरलेले नाही. अमेरिकेतील युद्धामुळे वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला, ते आपले अखेरचे वर्ष. तुझ्या माहेरी, अकोल्यास, मोर्णा नदीपलीकडच्या गल्ल्यांत कापसाच्या गाड्यांना वाट मिळत नव्हती. इकडे शेजारणी नव्या पाटल्या दाखवावयास येत. आणि पुण्याच्या कॉलेजातून गणित शिकून आलेल्या या शाळामास्तराने तुला दागिन्याऐवजी एक संख्या आणून दिली.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची ती दुपार मला अजून दिसते. तू धूळपाटी पुढे ओढून बसली आहेस आणि बोटाने १४२८५७ लिहिते आहेस. मी दोहोंनी गुणावयास सांगतो; २८५७१४ येतात. तिहींनी गुणल्यावर ४२८५७१. सहापर्यंत तेच आकडे, त्याच क्रमाने, केवळ आरंभ बदलून. आपले आकडे ऐकून माजघरातून आई विचारते, "काहून वो सूनबाई, कापसाची आडत टाकून राहिले का तुमी दोघं?" तू पदर तोंडाशी धरून हसतेस. मग सातांनी गुणतेस. पाटीवर ९९९९९९ उमटतात आणि तुझे हसू थांबते.

"अहो, सहा जन्म तीच माणसं, नुसती जागा बदलून बसली," तू हळूच म्हणालीस. "अन् सातव्याले त्यातलं एकबी नाई! तवा वळखसान का मले? उद्या वडापाशी सात मांगू, का सहाच?"

एकास सातांनी भागले असता दशांशात हेच आकडे फिरून फिरून येतात, म्हणून सातव्या पटीत सर्व नऊ, असे मी तुला सविस्तर सांगितले. तू ते नीट ऐकून घेतलेस. "ते बराबर असन. पन माह्या सवालाचं काय?" दुसऱ्या दिवशी तू वडाला सूत गुंडाळून आलीस, तेव्हा किती जन्म मागितलेस असे मी विचारले. "ते वडाचं अन् माहं," इतकेच म्हणालीस. त्याच पावसाळ्यात पटकीच्या साथीने तुला नेले.

तेव्हा मी सातांवरच थांबलो होतो. पुढे गेलो तो तू गेल्यावर. आठांनी गुणले असता ११४२८५६ येतात. आघाडीचा एक काढून उरलेल्या सहा आकडी संख्येत मिळवला की पुन्हा १४२८५७. नवांनी गुणून तसेच केले तर २८५७१४. सातव्या पटीनंतर ही संख्या पुन्हा ओळखू येते. मात्र थोडे आपल्या हाताने जुळवून घ्यावे लागते. याचे कारण मी फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकतो, आणि त्याचा जन्ममरणाशी काहीही संबंध नाही. हा कागद टपालात पडणार नाही. पुनर्जन्मावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी तू वडापाशी सातच मागितले असशील, असे मी धरून चालतो.