सतरा ठिकाणी ‘करण्यात येईल’

३ जानेवारी, सकाळी ६.१०
वर्षाचे पहिले दोन दिवस चांगलं पेन शोधण्यात गेले, ते धरायचे नाहीत. आजपासून रोज पाचला उठणे. (आज सहा. उद्यापासून पाच.)

आमच्या शिक्षक संघटनेचा लढा सुरू झाला आहे. पुढेमागे त्याचा इतिहास लिहायची वेळ आली तर साधन हवं, म्हणून ही वही. खासगी आहे, कोणी वाचणार नाही. तरी अक्षर सुवाच्य ठेवतो आहे.

मागण्या तीन. एका वर्गात चाळीसच मुलं. (माझ्या सातवी ब मध्ये अडुसष्ट आहेत. मागच्या दोन बाकांवर कोण बसतं हे मला अजून नीट माहीत नाही.) दुसरी, प्रयोगशाळेचं गळकं छप्पर. आणि सगळ्यात मोठी, अकरा कंत्राटी शिक्षिकांना सेवेत कायम करणे.

त्या अकरांत आमची सौ. आहे. प्राथमिक विभागात गणित शिकवते. सहा वर्षं झाली. दर वर्षी अकरा महिन्यांचं पत्र, मग एक महिना ती शाळेची कोणीच नसते, मग पुन्हा पत्र. त्या महिन्यात घरात शाळेचा विषय निघाला की ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागते. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालते. मला ते बघवत नाही. म्हणून काल तिला शब्द दिला, या वर्षी तू कायम होणार, मी आहे ना. ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणूनच जरा धाकधूक वाटते. गमतीत म्हणाली.

५ जानेवारी
उठलो ६.५०. थंडी.

संघटनेचे अध्यक्ष म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक. सगळी शाळा त्यांना ‘शिट्टी’ म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण भाषेच्या नावाने आनंदीआनंद. बोलताना ‘पाणी’चं ‘पानी’ करतात. तरी त्यांच्या शिट्टीला शंभर लोक उभे राहतात, हे मान्य केलं पाहिजे. आज म्हणाले, सर, तुम्ही भाषेचे शिक्षक, घोषणा तुम्हीच लिहा. अखेर रत्नाला पारखी भेटला.

९ जानेवारी
घोषणा तयार. चार ओळी, शार्दूलविक्रीडितात. यमक निर्दोष.

फाटकावर तालीम झाली. दुसऱ्या ओळीत विज्ञानाच्या बाईंना ठसका लागला. तिसऱ्या ओळीपर्यंत मी एकटाच पोहोचलो. मग शिट्टीने ‘कायम करा! कायम करा!’ असं ओरडायला सुरुवात केली आणि लोकांनी तेच उचललं. पालथ्या घड्यावर पाणी. दोन शब्द, तेही तेच तेच.

सौ. सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. घरी एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

१८ जानेवारी
आज मोर्चा. माझी कामगिरी मोठी, फक्त कोणाच्या लक्षात आली नाही.

सायकल स्टँडपाशी फलक ठेवले होते. चाळीस फलक, आणि चाळीसही फलकांवर ‘पाहिजे’तली हि दीर्घ! शिक्षकांनी ‘पाहीजे’ म्हणत रस्त्यावरून जायचं? लोक काय म्हणतील, हेच का शिकवता? मी पांढरा रंग आणि ब्रश मागवला. शिट्टी म्हणाले, सर, निघायचंय. मी म्हटलं, दहा मिनिटं. सव्वीस फलक सुधारून झाले तेव्हा मान वर केली. स्टँडवर मी आणि शिपाई. मोर्चा चौदा अशुद्ध फलक घेऊन गेला होता. शिपायाने चहा आणून दिला.

संध्याकाळी सौ.ने सांगितलं, गर्दी भरपूर होती, फलकच कमी पडले.

२ फेब्रुवारी
वाटाघाटींच्या समितीत माझी निवड! (विज्ञानाच्या बाईंच्या मुलीला गोवर निघाला म्हणून जागा रिकामी झाली, पण निवड ती निवड.)

संस्थेचे सचिव समोर. गोड माणूस, गोडपणाची भीती वाटावी इतका. शिट्टी छपराबद्दल बोलले, वर्गातल्या मुलांबद्दल बोलले, दोनदा टेबलावर हात आपटला. मी पूर्ण दोन तास मौन पाळलं. समोरच्याला आपला थांग लागू द्यायचा नाही, हे माझं तंत्र. शेवटी सचिवांनी थेट मलाच विचारलं, सर, आपलं काय मत? मी त्यांच्या मागच्या सूचनाफलकाकडे बोट दाखवून सांगितलं, ‘धुम्रपान’ नव्हे, ‘धूम्रपान’.  शिट्टी माझ्याकडे बघतच राहिले.

२० फेब्रुवारी
तीन दिवसांचा संप आज मिटला. संपूर्ण विजय! संस्था लेखी करार करणार, तिन्ही मागण्या मान्य.

माझा सहभाग नोंदवतो. पहिल्या दिवशी घसा बसला होता, घोषणांना निरुपयोगी, म्हणून घरी. दुसऱ्या दिवशी घसा बरा होता, पण उन्हात पुन्हा बसला असता. आज अकराला फाटकावर पोहोचलो आणि सव्वाअकराला सचिवांचा निरोप आला. माझ्या येण्यामुळेच संप मिटला असं मी म्हणत नाही. वेळ तेवढी लिहून ठेवतो.

सौ. तिन्ही दिवस तिथे होती. पाचवीची मुलं आईबापांबरोबर यायची, तर हिने फूटपाथवर खडूने रेघा मारून त्यांना अपूर्णांक शिकवले. पालक पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे उभे. कोणीतरी सांगितलं की ते बघून सचिवांची गाडी दोन वेळा परत फिरली. तोंड उन्हाने काळवंडलं आहे तिचं, पण आज जेवताना आपणहून शाळेबद्दल बोलत होती. खूप बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी
कराराचा मसुदा आला. संस्थेच्या हेडक्लार्कने लिहिलेला. आमच्या वकीलबाईंनी वाचून सांगितलं, उत्तम आहे, आता एका शब्दालाही हात लावू नका. शिट्टीने तो माझ्याकडे दिला. म्हणाले, सर, ह्रस्वदीर्घ तेवढं बघा, बाकी काही नको.

वाचला. अरे देवा. एका करारात सतरा वेळा ‘करण्यात येईल’! ‘छप्पर दुरुस्त करण्यात येईल.’ ‘चाळीसपेक्षा जास्त विद्यार्थी झाल्यास नवी तुकडी सुरू करण्यात येईल.’ ‘तीन वर्षे पूर्ण केलेल्या शिक्षिकांना सेवेत कायम करण्यात येईल.’ हे काय मराठी आहे? करण्यात येईल म्हणजे कोण करणार? कर्ता कुठे पळाला? बावीस वर्षं मी या सरकारी भुताशी लढतो आहे. मुलांच्या निबंधात दिसलं की अर्धा गुण कापतो. आणि माझ्याच संघटनेच्या करारात सतरा!

वकीलबाई कायदा जाणतात. भाषा ज्याची त्याने बघावी.

२७ फेब्रुवारी, दुपार
झालं. सतराही ठिकाणी ‘करण्यात येईल’ काढून ‘करता येईल’ केलं. सुटसुटीत. प्रत्येक ठिकाणी एक अक्षर वाचलं, एकूण सतरा. ‘सेवेत कायम करता येईल’. वाचून बघितलं, कसं झुळझुळतं!

शिट्टीला सांगितलं, किरकोळ शुद्धलेखन होतं. त्यांनी पानं मोजली आणि घेतली.

१ मार्च
ऐतिहासिक दिवस. उठलो ५.४०!

सह्या झाल्या. सचिवांनी आमची प्रत चष्मा लावून वाचली. चौथ्या कलमाशी थांबले. पुन्हा वाचलं. मग हेडक्लार्कला जवळ बोलावून त्यालाही दाखवलं. विचारलं, ही भाषा कोणी सुधारली? मी हात वर केला. सचिव उठून उभे राहिले आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, सर, आपल्यासारखी माणसं दोन्ही बाजूंना हवीत. मग इतक्या झटपट सह्या केल्या की शिट्टीचं पेन अजून उघडायचं होतं.

बावीस वर्षांत माझ्या भाषेची एवढी कदर कोणी केली नव्हती. घरी येऊन सौ.ला सांगितलं. तिने विचारलं, सचिव खूश झाले? आणि मग माझा चेहरा नीट निरखून आत गेली. भारावली असावी.

१५ मार्च
छप्पर अजून गळतं. विचारलं तर हेडक्लार्क म्हणाला, दुरुस्त करता येईल. चला, आमची भाषा त्यांच्या तोंडी रुळली.

‘लढ्याचा इतिहास : खंड एक’ सुरू केला. आज शीर्षक लिहिलं.

४ एप्रिल
सौ.ला पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘करारातील कलम चारनुसार आपणास सेवेत कायम करता येईल. तूर्त तसे करण्याचा संस्थेचा विचार नाही. सोबत अकरा महिन्यांचे नियुक्तिपत्र जोडले आहे.’

तिने दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणालो, भाषा तरी स्वच्छ आहे.

ती म्हणाली, अहो, मी गणिताची. मला एवढंच सांगा, मला पोहता येईल आणि मी पोहेन, यात फरक आहे की नाही?

सातवीच्या पुस्तकात हा धडा आहे. दर वर्षी मीच शिकवतो.

ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

५ एप्रिल
शिक्षकखोलीत शिरलो की सगळे चहाच्या कपात बघतात. विज्ञानाच्या बाई माझ्या पाठीमागे म्हणाल्या, ध चा मा केला, ही म्हण आज कळली. मी वळून सांगितलं की एक तर ती म्हण नसून वाक्प्रचार आहे, आणि दुसरं, मी अक्षर नव्हे, क्रियारूप बदललं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

शिट्टी शिक्षकखोलीत नव्हते. मैदानाच्या कडेला बसून चौथं कलम वाचत होते, बोट ठेवून, एकेक शब्द. वाचताना ओठ हलत होते. मग एवढंच म्हणाले, सर, मला वाटलं शुद्ध आहे म्हणजे बरोबर असेल. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वकीलबाईंचा फोन आला. तो उतरवत नाही.

७ एप्रिल
सगळा विचार केला. दोष माझ्या एकट्याचा नाही. हेडक्लार्कने मुळात चांगलं लिहिलं असतं तर सुधारायची वेळच आली नसती. शिट्टीने वाचायला हवं होतं. वकीलबाईंनी ‘हात लावू नका’ याचं कारण द्यायला हवं होतं. तरी मन मोठं करून सौ.ला माफीचं पत्र लिहिलं. चार पानं. दोन उपमा, एक सुभाषित.

८ एप्रिल
सौ.ने पत्र परत केलं. एकाच वाक्याखाली पेन्सिलने रेघ होती : ‘अनवधानाने घडलेल्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ बाजूला लिहिलं होतं, ‘कोण?’

दुसरा खर्डा : ‘माझ्याकडून चूक झाली.’ ती म्हणाली, झाली कशी? आपोआप?

तिसरा खर्डा तीन शब्दांचा. ‘मी चूक केली.’ तो लिहायला संपूर्ण दुपार गेली. विश्वास बसत नाही, पण हात चालेना.

तिने वाचला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाटलं, मिटलं. ती म्हणाली, मला राग त्या चुकीचा नाही आला. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन सांगितलंत ना, सचिवांनी हात धरला म्हणून, तेव्हा तुमचा चेहरा इतका खूश होता, की मला विचारावंसंच वाटलं नाही नक्की काय बदललं ते. विचारलं असतं तर. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, हे असंच बाकीच्या दहाजणींना सांगून या. घरी जाऊन. पत्र नाही.

९ एप्रिल
सौ.ने अकरा महिन्यांच्या पत्रावर सही केली. मी म्हटलं, नको करूस, लढू. ती म्हणाली, लढतेच आहे, पण सोमवारी दशांश सुरू करायचेत.

दोघींकडे जाऊन आलो. पहिल्या बाईंनी दारातच ऐकलं आणि दार लावलं. दुसऱ्या बाईंच्या सासूबाईंनी पाणी दिलं, बाई बाहेर आल्याच नाहीत. मी सासूबाईंनाच सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं.

११ एप्रिल
तिसऱ्या बाई चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. चित्रकला शिकवतात, नऊ वर्षं झाली. दम लागलेला, त्यामुळे तीनच शब्द बोलता आले, ते बरं झालं.

त्यांनी आत बोलावलं. बसायला खुर्ची दिली, समोर बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सर, ते कळलं. आता पुढे काय करायचं?

मी नेहमीप्रमाणे घसा खाकरला. त्या वाट बघत होत्या.

मला माहीत नाही, असं म्हणालो.